रिकाम्या जहाजांनी घडवलेली बेटे

कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझची जाहिरात पाहिली तर तिकिटाचा दर माणशी छापलेला असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक अट असते: हा दर एका केबिनमध्ये दोघे जण राहतील असे धरून काढला आहे. एकट्याने जायचे म्हटले तर दुसऱ्या पलंगाचे पैसेही बहुतेक वेळा स्वतःच भरावे लागतात. त्यामुळे मित्राला किंवा मैत्रिणीला बरोबर घेणे ही जितकी हौसेची तितकीच हिशेबाचीही बाब ठरते. या धंद्याचा सगळा हिशेब त्या दोन पलंगांवरच मांडलेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर २,८०५ केबिन आहेत. दोघांच्या हिशेबाने तेथे ५,६१० प्रवासी मावतात आणि भिंतीत दुमडलेले, सोफ्यातून निघणारे जादा पलंग उघडले की सुमारे ७,६००. व्यवसायाच्या भाषेत ५,६१० प्रवासी झाले की जहाज शंभर टक्के भरले. म्हणूनच सुटीच्या हंगामात जहाजे शंभर टक्क्यांच्याही वर भरल्याचे आकडे प्रसिद्ध होतात. पलंग भरो वा न भरो, इंधन तेवढेच जळते, खलाशांचा पगार तेवढाच द्यावा लागतो, कर्जाचा हप्ता थांबत नाही. बंदर सोडताना रिकामा राहिलेला पलंग त्या सफरीपुरता कायमचा बुडाला. उष्ण कटिबंधातल्या बेटांची सफर कशी जन्मली, असे विचारले तर निळे पाणी, पांढरी वाळू आणि नारळी-ताडांची रांग हेच उत्तर सहसा मिळते. माझे म्हणणे वेगळे आहे. या सफरीचा इतिहास जहाजांच्या रिकाम्या जागेने घडवला आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत जेव्हा जेव्हा जहाजांचे मूळ काम थांबले किंवा आटले, तेव्हा तेव्हा त्यांनी बेटांची वाट धरली. बेटांच्या वाट्याला काय आले आणि ते तेवढेच का आले, याचा उलगडाही तेथूनच होतो.

सौंदर्य हेच कारण असते तर ही सफर दोन शतके आधीच सुरू व्हायला हवी होती. जमैका, हैती, क्यूबा, बार्बाडोस ही बेटे अठराव्या शतकातही इतकीच हिरवी होती, पण युरोपातल्या माणसाच्या मनात त्यांच्याविषयी हौस नव्हती, धास्ती होती. पिवळ्या तापाने नव्याने उतरलेल्या गोऱ्या पलटणी महिन्या-दोन महिन्यांत निम्म्या होत. १८०१ च्या अखेरीस नेपोलियनने आपला मेहुणा जनरल लक्लेर याला हैतीतल्या मुक्त झालेल्या गुलामांचा पाडाव करायला मोठे सैन्य देऊन धाडले. त्या सैन्याचा मोठा भाग तापाने गिळला आणि १८०२ च्या नोव्हेंबरात लक्लेरही त्याच तापाने मेला. दोन वर्षांत हैती स्वतंत्र झाला. हा ताप डासामुळे पसरतो, असे क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली मांडले. जवळजवळ वीस वर्षे त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. १९०० मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या मंडळाने हवानात प्रयोग करून ते सिद्ध केले, आणि लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी डबकी, पिंपे, टाक्या यांवर मोहीम काढून पुढच्याच वर्षी हवाना पिवळ्या तापातून मोकळे केले. पनामा कालव्याच्या कामातही तीच पद्धत वापरली गेली. बेटांवर विश्रांतीसाठी जाता येते ही कल्पना या मोहिमेनंतरच खऱ्या अर्थाने रुजली. अंगावर ऊन घेणे ही चैन वाटू लागली ती तर त्याहून उशिरा, १९२० च्या दशकात. आज जे सौंदर्य आपल्याला उघड आणि चिरंतन वाटते, ते दिसण्यासाठी आधी भीती जावी लागली. आणि भीती गेली तरी माणसे आपोआप आली नाहीत. त्यांना आणण्याची निकड कोणाला तरी वाटावी लागली.

ती निकड प्रथम जर्मनीत वाटली. हॅम्बुर्ग-अमेरिका या जहाज कंपनीचे आल्बर्ट बालिन यांच्यापुढे साधा प्रश्न होता: उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडणाऱ्यांची गर्दी असते, हिवाळ्यात वादळी समुद्रामुळे प्रवासी मिळत नाहीत, मग एवढ्या महागड्या जहाजांनी तीन-चार महिने काय करायचे? २२ जानेवारी १८९१ रोजी त्यांनी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे अटलांटिकवरचे जलद जहाज २४१ प्रवाशांना घेऊन भूमध्य समुद्राच्या फेरीवर पाठवले. अशा हिवाळ्यात लोक समुद्रावर मौजेसाठी जातील यावर कंपनीतल्या अनेकांचा विश्वास नव्हता, पण सफर यशस्वी झाली. त्या यशातूनच बालिन यांनी केवळ सफरीसाठी बांधलेले पहिले जहाज उभे केले, ‘प्रिंझेसिन व्हिक्टोरिया लुईझे’. १९०० साली पाण्यात उतरलेल्या या जहाजावर पहिल्या वर्गाच्या १२० केबिन होत्या आणि दुसरा वर्गच नव्हता. व्यायामशाळा होती, ग्रंथालय होते, हौशी छायाचित्रकारांना फिल्म धुण्यासाठी अंधारी खोलीही होती. १९०१ मध्ये ते न्यूयॉर्कहून वेस्ट इंडीजच्या फेरीवर गेले. १६ डिसेंबर १९०६ च्या रात्री जमैकाच्या पोर्ट रॉयलजवळ ते खडकांवर चढले. प्रवासी सगळे वाचले, कप्तानाने मात्र आपल्या केबिनमध्ये जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतली. कंपनीने त्याच्या जागी तसे खास जहाज लगेच बांधले नाही, ‘ड्यूशलँड’ हे जुने अटलांटिक जहाज बदलून या कामाला लावले. सफरीसाठी वेगळे जहाज बांधणे हा अपवाद होता. हाताशी असलेले, इतरत्र नकोसे झालेले जहाज वापरणे हा नियम पुढची साठ वर्षे टिकला.

कॅरिबियनमध्ये हा नियम जर्मनांपेक्षा केळ्यांनी जास्त पक्का केला. १८७० साली लॉरेन्झो डाऊ बेकर या मॅसॅच्युसेट्सच्या कप्तानाने परतीच्या वाटेवर जमैकात आपल्या ‘टेलिग्राफ’ या शिडाच्या जहाजात हिरव्या केळ्यांचे १६० घड भरले आणि ते अकरा दिवसांत जर्सी सिटीला नेऊन चांगल्या नफ्याने विकले. त्यातून १८८५ मध्ये बॉस्टन फ्रूट कंपनी आणि १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. केळे हा अवघड माल. झाडावर पिकू दिले तर वाटेत कुजते, फार थंड केले तर काळे पडते. साधारण १३ अंश सेल्सिअसला, हवा खेळती ठेवून ते हिरवेच न्यावे लागते. १९०४ पासून कंपनीने शीतगृहे असलेली वाफेची जहाजे आणली आणि उन्हाची धग आत शिरू नये म्हणून ती बाहेरून पांढरी रंगवली. आज क्रूझ जहाजाचा पांढरा रंग ऐटीचा वाटतो. या पाण्यात त्याचे काम मात्र घड थंड ठेवणे हे होते. उत्तरेकडे जाताना ही जहाजे गच्च भरत, दक्षिणेकडे येताना त्यांना पुरेसा माल मिळत नसे. त्या अर्धवट रिकाम्या फेऱ्यांत कंपनीने केबिन बसवल्या, पत्रके छापली, वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेच्या सफरी विकल्या. जहाजावरचा खरा मान कोणाचा, हे खलाशांच्या तोंडी असलेल्या एका वाक्यातून कळते: केळे हा पाहुणा, प्रवासी ही पीडा. तरीही या काळाचा एक गुण नोंदवायला हवा. जहाज प्रवाशाला बेटावर सोडून पुढे जाई. जमैकातल्या पोर्ट अँटोनियोला केळी कंपनीचेच टिचफील्ड हॉटेल होते. तेथे उतरलेला माणूस दिवसच्या दिवस राही, बग्गीतून गावात फिरे, बाजारात पैसे खर्च करी. हॉटेलही कंपनीचेच असल्याने नफा बाहेर जाईच, पण निदान दिवस बेटावर जात.

पहिल्या महायुद्धानंतर रिकाम्या जागेचे कारण बदलले. या वेळी कारण कायदा होता. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ मध्ये स्थलांतरितांवर कडक मर्यादा घातल्या आणि अटलांटिक जहाजांच्या तळमजल्यावरचा तिसरा वर्ग, ज्याच्या भाड्यावर कंपन्या जगत होत्या, तो एकाएकी ओस पडला. त्याच सुमारास, जानेवारी १९२० पासून, अमेरिकेत दारूबंदी आली. अमेरिकेचा झेंडा लावलेल्या जहाजावर दारू मिळेना, पण परक्या झेंड्याच्या जहाजावर किनाऱ्यापासून दूर गेले की बाटल्या उघडता येत. १९२२ मध्ये ‘रिलायन्स’ आणि ‘रेझोल्यूट’ या दोन अमेरिकी जहाजांनी याच कारणासाठी पनामाचा झेंडा घेतला. सोयीसाठी परका झेंडा लावण्याची जी प्रथा आज या व्यवसायात सर्वत्र दिसते, तिची ही सुरुवातीची ठळक उदाहरणे. न्यूयॉर्कहून हवाना आणि नासाऊच्या छोट्या फेऱ्या भरून जाऊ लागल्या. पुढे महामंदीत एके काळी अटलांटिकवरचे सर्वांत वेगवान जहाज असलेले ‘मॉरेटानिया’सुद्धा पांढरे रंगवून उष्ण प्रदेशाच्या सफरींना जुंपावे लागले. आणखी एक कायदा त्याहून जुना आणि आजही जिवंत आहे. १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परक्या झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी वाहता येत नाहीत. त्यामुळे मायामीहून निघून मायामीलाच परतणाऱ्या परक्या जहाजाला वाटेत अमेरिकेतलीच बंदरे घेऊन भागत नाही, एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. बहामाचे किनारे मायामीपासून एका रात्रीच्या अंतरावर आहेत. नासाऊची गोदी का गजबजलेली असते याचे मोठे उत्तर या कायद्याच्या कलमात आहे, तिथल्या वाळूत ते थोडेच सापडते. २०२१ मध्ये महामारीमुळे कॅनडाने बंदरे बंद केली तेव्हा अलास्काच्या सफरी याच कायद्यामुळे अडल्या आणि अमेरिकेच्या संसदेला तात्पुरती सूट देणारा खास कायदा करावा लागला.

यानंतरचा आणि सर्वांत मोठा धक्का आकाशातून आला. ऑक्टोबर १९५८ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी जेट विमाने अटलांटिकवर नियमित उडू लागली आणि पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. दहा वर्षांत समुद्रमार्गे अटलांटिक ओलांडणे ही गरज राहिली नाही. आजच्या क्रूझ उद्योगाचा जन्म याच काळातला, आणि त्याची कथा रिकाम्या जहाजाची इतकी स्वच्छ साक्ष देते की वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. नॉर्वेचे क्नुट क्लोस्टर यांनी ब्रिटनहून जिब्राल्टरकडे पर्यटक आणि मोटारी नेण्यासाठी ‘सनवर्ड’ हे जहाज बांधले होते. १९६६ साली जिब्राल्टरवरून स्पेन आणि ब्रिटन यांच्यात ताण वाढला, ब्रिटिश सरकारने नागरिकांना परदेशी सुटीसाठी नेता येणाऱ्या पैशावर ५० पौंडांची मर्यादा घातली आणि तो मार्ग बसला. क्लोस्टर यांच्याकडे जहाज होते, प्रवासी नव्हते. त्याच वेळी मायामीत टेड ॲरिसन यांच्या हातची जहाजे मालकाच्या दिवाळखोरीत अडकली होती. त्यांच्याकडे आगाऊ आरक्षण केलेले प्रवासी होते, जहाज नव्हते. दोघांची गाठ पडली आणि १९ डिसेंबर १९६६ रोजी ‘सनवर्ड’ मायामीहून बहामाकडे निघाले. पुढे ॲरिसन वेगळे झाले आणि १९७२ मध्ये त्यांनी कार्निव्हल ही क्रूझ कंपनी सुरू केली, तीही ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ हे निवृत्त अटलांटिक जहाज घेऊन. नवे नाव ‘मार्डी ग्रा’ ठेवलेले ते जहाज पहिल्याच सफरीत मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतले, तरी कंपनी तगली आणि जगात सर्वांत मोठी झाली. फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिमानाचे ‘फ्रान्स’ हे जहाज तेलाच्या भाववाढीनंतर १९७४ मध्ये ल हाव्र बंदरात बांधून ठेवले होते. क्लोस्टर यांच्या कंपनीने ते १९७९ मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरना घेतले आणि पुढच्या वर्षी ‘नॉर्वे’ या नावाने मायामीहून कॅरिबियनमध्ये आणले.

येथवर जहाज हे बेटाकडे नेणारे साधन होते. १९७० च्या दशकात हे नाते उलटले. नव्या कंपन्यांना कळून चुकले की प्रवासी बेटावर जितका वेळ घालवतो तितका वेळ त्याचा खर्च दुसऱ्याच्या गल्ल्यात पडतो, आणि जहाजावर असतो तेव्हा तो आपल्या गल्ल्यात पडतो. मद्य, जुगार, दुकाने, छायाचित्रे, किनाऱ्यावरच्या सहलींचे शुल्क यांतून येणारी कमाई तिकिटाइतकीच महत्त्वाची ठरू लागली. जहाजे मोठी झाली. १९७० मध्ये आलेले ‘साँग ऑफ नॉर्वे’ १९७८ मध्ये हेलसिंकीच्या गोदीत मधोमध कापून त्यात सुमारे २६ मीटरचा नवा तुकडा जोडला गेला. १९७७ पासून नऊ वर्षे चाललेल्या ‘द लव्ह बोट’ या अमेरिकी दूरदर्शन मालिकेने जहाजालाच कथेचे ठिकाण बनवले. बंदरे येत आणि जात, गोष्ट डेकवर घडे. त्याच १९७७ साली क्लोस्टर यांच्या कंपनीने बहामातले ग्रेट स्टिरप के हे चिमुकले बेट विकत घेतले. १९८६ पासून रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचे लाबादी भाड्याने घेतले आणि तेथे जायचा जमिनीवरचा रस्ता कुंपणाने बंद झाला. १९९८ मध्ये डिस्नेने बहामातले गोर्डा के ‘कास्टअवे के’ केले. जमैकातले फॅलमथ हे साखरेच्या व्यापाराने अठराव्या शतकात उभारलेले, जुन्या दगडी घरांचे सुंदर गाव. २०११ मध्ये तेथे प्रचंड जहाजांसाठी नवा धक्का झाला, पण धक्क्यालगतच दुकानांचे कुंपणबंद आवार उभे राहिले. कित्येक प्रवासी गावात न शिरताच जहाजावर परततात. बेटाचा प्रवास असा तीन टप्प्यांत झाला: आधी मुक्कामाचे ठिकाण, मग काही तासांचा थांबा आणि शेवटी जहाजाचाच एक वाळूचा डेक. सौंदर्य ही या धंद्याची प्रेरणा असती तर बेटाचा वाटा दर टप्प्यावर वाढला असता. तो दर टप्प्यावर घटला, आणि माझ्या मांडणीचा सर्वांत भक्कम आधार हाच आहे.

या हिशेबात पलंग अंथरणाऱ्यांचीही नोंद हवी, आणि येथे गोवा-कोकणाचा धागा सरळ जोडला जातो. गोवा पोर्तुगीज सत्तेखाली होता तेव्हापासून ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या, विशेषतः पी अँड ओच्या, जेवणघरात आणि केबिनमध्ये काम करणारे हात मोठ्या प्रमाणात गोव्याचे होते. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडची माणसेही पिढ्यान्‌पिढ्या होती. बोट मिळेपर्यंत थांबण्यासाठी गोवेकर तारवटींनी (खलाशांनी) मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागांत गावोगावचे कूड काढले. एका गावाचा एक कूड: भिंतीकडेला रांगेने लावलेल्या पेट्या, एक सामाईक देव्हारा, संध्याकाळची प्रार्थना आणि अगदी थोडे भाडे. अटलांटिकची जहाजे सफरींकडे वळली तसा हा कामगारही त्यांच्याबरोबर वळला. ‘तो बोटीवर असतो’ या वाक्याचा अर्थ आज गोव्यात आणि कोकणात बहुधा क्रूझ जहाज असाच होतो. बोटीच्या पैशातून घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुले शिकली, हे कोणी नाकारू नये. पण पनामा, बहामा किंवा अशाच दुसऱ्या देशाच्या झेंड्यामुळे त्यांच्या पगाराला अमेरिकेच्या मजुरी कायद्याचा आधार मिळत नाही. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानेही, जो भारताने २०१५ मध्ये मान्य केला, आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम चालते. दोघा मित्रांना परवडणारे भाडे ज्या अनेक गोष्टींवर उभे आहे, त्यांत हे ७२ तासही आहेत.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की रिकामी जागा भरणे हे प्रत्येक वाहतूकदाराचे काम आहे, पण माणसाला जायचेच नसेल तर जागा भरत नाही. मागणी लोकांची होती, कंपन्यांनी ती फक्त ओळखली. यात तथ्य आहे. समुद्राची ओढ जाहिरातीने निर्माण झालेली नाही. मात्र ओढ माणसाला घराबाहेर काढते, तो कोठे जाईल, किती दिवस राहील आणि कोणाला पैसे देईल हे ओढ ठरवत नाही. हवानाचे उदाहरण पाहावे. दारूबंदीच्या काळापासून १९५० च्या दशकापर्यंत अमेरिकी प्रवाशांना सर्वांत प्रिय असलेले हे बंदर क्यूबातल्या क्रांतीनंतर आणि अमेरिकेच्या निर्बंधांनंतर त्यांच्या सफरींच्या नकाशावरून जवळजवळ पुसले गेले. २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने मुभा दिल्यावर जहाजे परतली, २०१९ मध्ये मुभा काढून घेतल्यावर पुन्हा थांबली. हवानाचा समुद्रकिनारा या साठ वर्षांत होता तसाच होता. मागणीही मेली नव्हती. जहाज कोठे वळेल हे सरकारच्या आदेशाने ठरले. मागणी ही वाऱ्यासारखी खरी असते, पण शीड कोणाच्या हाती आहे हे पाहिल्याशिवाय प्रवासाची दिशा समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. बालिन यांच्या जहाजावर दुसरा वर्गच नव्हता. आज शाळेतली शिक्षिका, परिचारिका, निवृत्त बसचालक आपल्या मैत्रिणीबरोबर किंवा मित्राबरोबर आठवडाभर समुद्रावर राहू शकतात. १९७० साली जगात क्रूझवर जाणारे सुमारे पाच लाख होते, २०१९ पर्यंत ते तीन कोटींच्या घरात गेले. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, एकट्याने परदेशी फिरायला धजत नसलेल्या बाईला, रोज सामान बांधण्याचा त्रास नको असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला ही सफर जग उघडून देते. ही मोठी सामाजिक कमाई आहे आणि जागा भरण्याच्या निकडीनेच ती झाली, हेही माझ्याच युक्तिवादातून निघते. पण स्वस्ताईचे श्रेय मोजताना तिचा भार कोणी उचलला हेही मोजायला हवे. मोठ्या जहाजामुळे माणशी खर्च कमी झाला हा एक भाग. झेंड्याच्या सोयीमुळे मजुरी आणि कर कमी झाले हा दुसरा. आणि बेटांना थांब्यासाठी एकमेकांशी झुंजवून बंदराची फी खाली ठेवता आली हा तिसरा. पहिल्या भागाचे कौतुक करावे तेवढे थोडे. उरलेल्या दोहोंविषयी तसे म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप बेटांच्याच बाजूने येतो: छोट्या बेटांकडे मोठी हॉटेले बांधायला जमीन, पाणी, भांडवल नसते, जहाज राहण्याची सोय बरोबर घेऊन येते, टॅक्सीवाल्याला, वाटाड्याला, टोप्या विकणाऱ्या बाईला धंदा देते, मग तक्रार कशाची? धंदा मिळतो हे खरेच. पण त्याचा भाव कोण ठरवतो ते पाहावे. १९९० च्या दशकात पूर्व कॅरिबियनमधल्या छोट्या देशांनी कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी प्रवाशामागे दीड डॉलर आकार लावला. एवढ्या रकमेवरून एका मोठ्या कंपनीने ग्रेनेडाला थांबणेच बंद केले. जहाज हलवता येते, बेट हलवता येत नाही. या एका असमानतेने सगळी वाटाघाट आधीच झुकलेली असते. मात्र ती नेहमीच हरलेली असते असे नाही, आणि येथे बर्म्युडाचा इतिहास उपयोगी पडतो. हे बेट कॅरिबियनच्या उत्तरेला आहे, पण न्यूयॉर्कच्या जहाजांवर तितकेच अवलंबून होते. पहिल्या महायुद्धानंतर तेथील सरकारने फर्नेस या जहाज कंपनीशी करार केला, तेव्हा कंपनीने जहाजे चालवली आणि बेटावर हॉटेलेही बांधली. प्रत्येक केबिनला स्वतंत्र न्हाणीघर असलेले ‘मोनार्क ऑफ बर्म्युडा’ १९३१ मध्ये धावू लागले, ते प्रवाशांना बेटावर मुक्कामाला नेण्यासाठी. याच बेटाने १९०८ पासून १९४६ पर्यंत खासगी मोटारींना बंदी ठेवली होती आणि पुढे येणाऱ्या जहाजांच्या संख्येवरही लगाम ठेवला. बर्म्युडा श्रीमंत होते, त्याला नाही म्हणणे परवडत होते, हे खरे. पण अटी आधी ठरवल्या तर जहाजे त्या पाळतात, एवढे त्यातून सिद्ध होते. उलट फ्लोरिडातल्या की वेस्ट बेटाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मोठ्या जहाजांवर मर्यादा घालण्याचा कौल दिला, तो राज्याच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये मोडीत काढला. गोदी, दुकाने आणि नोकऱ्या एकदा जहाजांवर विसंबल्या की मागे फिरणे फार अवघड होते.

हा इतिहास आपल्याला दूरचा वाटू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतच केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. मुंबईहून लक्षद्वीपची सफर २०२१ पासून मराठी घरांच्या सुटीच्या यादीत आली आहे. दोन मैत्रिणी बॅलार्ड पिअरहून जहाजावर चढून तिसऱ्या दिवशी प्रवाळांच्या पाण्यात उतरतात, याचा आनंदच वाटायला हवा. पण लक्षद्वीपच्या सगळ्या बेटांचे मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ६४,४७३ आहे. गोड्या पाण्याचा साठा वाळूखालच्या पातळ थरात असतो. कॅरिबियनच्या सव्वाशे वर्षांनी दाखवले ते इतकेच की जहाज बेटासाठी येत नाही, आपल्या पलंगांसाठी येते, आणि त्यात काही पापही नाही. म्हणूनच बेटाचे हित जहाज कंपनीच्या सदिच्छेवर सोपवता येत नाही. एका दिवशी किती माणसे उतरतील, त्यांचा कचरा कोण उचलेल, माणशी आकार किती असेल, त्यातला किती बेटावर राहील आणि प्रवासी निदान एक रात्र तेथील घरांत काढतील का, हे प्रश्न धक्का बांधण्याच्या आधी सोडवावे लागतात. शेजारी शेजारी असलेल्या बेटांनी ते एकत्र बसून सोडवावे लागतात, नाहीतर त्यांना एकमेकांविरुद्ध उभे केले जाते. कॅरिबियनमधल्या बहुतेक बेटांनी हे प्रश्न जहाजे आल्यावर विचारले. अरबी समुद्रातली बेटे अजून ते आधी विचारू शकतात, आणि त्यांच्या वतीने ते विचारण्याची जबाबदारी तिकीट काढणाऱ्या आपल्या शहरांवरही आहे.